मेजर, त्या तिसऱ्या कॉर्नेटच्या कागदाबद्दल

आदरणीय मेजर,
सप्रेम नमस्कार.

17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, शाळेच्या बँडनं ‘कर्नल बोगी’ हा मार्च वाजवला. पोरांच्या पाठी थोपटल्या गेल्या, त्यातली निम्मी शाबासकी तुमची.

तुमच्या आधी एक जण पैसे मोजून घेऊन सगळ्या वाद्यांना सुरलिपीचा एकच कागद वाटून गेला होता. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य, बी-फ्लॅटचं, आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा. कागदावरचा ‘सी’ दोघांतून वेगळाच निघणार. कालवा होणार नाही तर काय! वर “पोरांना कान नाहीत” हे ऐकवलं ते वेगळंच. तुम्ही प्रत्येक वाद्याचं वेगळं लिहिलंत: मार्चचा सा बी-फ्लॅट, म्हणून कॉर्नेटला सी, आल्टोला जी. उन्हात पितळ तापून सूर चढतो, तेव्हा ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, किंचित बाहेर. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पावलावर, मिनिटाला 120 च्या पुढं नाही; घाई झाली की आधी दम तुटतो, मग रांग.

पण मनात घर केलं ते तिसऱ्या कॉर्नेटच्या कागदानं. तिथं चाल नसते, ठोक्यांच्या मधले सूर भरत राहायचे. बरोबर वाजवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की बोलणी. त्या कागदांवर तुम्ही पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्यात, तो भाग वाजवणाऱ्या दोघांच्या वेगवेगळ्या जागी, म्हणजे एकानं दम घेतला तरी दुसऱ्याचा सूर चालू. आणि वरती बारीक अक्षरात: “हा मार्च लिहिणारा 14 व्या वर्षी पलटणीत गेला. कॉर्नेटच वाजवायचा.”

लंडनचा फ्रेडरिक रिकेट्स. 1895 मध्ये रॉयल आयरिश रेजिमेंटमध्ये भरती, पलटणीबरोबर हिंदुस्थानातही होता. 1908 मध्ये हायलँडर्सच्या एका स्कॉटिश पलटणीचा बँडमास्तर. गोल्फ खेळताना एक जण इतरांना सावध करायला ओरडण्याऐवजी दोन सुरांची शिट्टी घालायचा, पंचमावरून गंधारावर. त्यातून 1914 मध्ये हा मार्च झाला. नोकरीत असताना स्वतःच्या नावानं छापणं वरच्यांना रुचत नसे, म्हणून केनेथ ऑलफर्ड: मुलाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव. शेवटी रॉयल मरीन्समध्ये बँड सांभाळून 1945 मध्ये गेला. मार्च जगभर गाजला, तोही टोपणनावानं!

तुम्हीही पत्रिकेत नाव नको म्हणालात, म्हणून इथंही घातलं नाही. अशी माणसं अजून आहेत म्हणून गावाकडच्या शाळांत वाद्यं वाजतात. मानधनाचं पाकीट परत केलंत ते केलंत. वह्या-पेन्सिलींचे पैसे मात्र घ्यावेच लागतील, कारण 26 जानेवारीचे कागद अजून लिहायचेत.

आपला,
शाळेचा बँड