एक ओपन स्पेस आपल्या मातीतल्या झाडांना द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय, आता सगळीकडे वृक्षारोपणाचे खड्डे खणायला सुरुवात होईल म्हणून आधीच लिहितोय. मी जळगावचा. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमधे चार वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून लॉन केलं, कडेने कोनोकार्पस ही परदेशी झाडं लावली, पहिल्या वर्षी दिसायला छानच होतं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, बोअर आटला, टँकर तरी किती आणणार, लॉन जळालं आणि आता तिथे गाजरगवत आहे. कोनोकार्पस तेवढा हिरवा राहिला, पण त्याच्यावर मला आजपर्यंत एक घरटं दिसलं नाही, आणि गुजरातने तर 2023 मधे त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. त्याच जागेत कोपऱ्यात आपोआप उगवलेला एक कडुनिंब आहे, त्याला कोणी तांब्याभर पाणी घातलेलं नाही, तरी दुपारी सगळी म्हातारी माणसं त्याच्याच सावलीत बसलेली असतात.

माझी मागणी एवढीच की प्रत्येक गावात एक तरी ओपन स्पेस फक्त आपल्या भागातल्या झाडांची प्रात्यक्षिक बाग म्हणून करावी. आपला शेतकरी ठिबककडे भाषणं ऐकून वळला नाही हो, शेजाऱ्याच्या वावरात प्लॉट बघितला तेव्हा वळला. झाडाचंही तसंच आहे. पळस (आमच्या अहिराणीत पयस) सगळ्यांना माहीत आहे, पण तो बंगल्यासमोर कसा दिसेल हे कोणी बघितलेलंच नाही, म्हणून नर्सरीत कोणी मागत नाही आणि मागत नाही म्हणून नर्सरीवाला ठेवत नाही.

बाग करताना मात्र एक चूक नको. सगळी झाडं एकाच मातीत नाही येत. अंजन सातपुड्याच्या मुरमाड उतारावरचं झाड, त्याला पाणी साचणारी काळी माती मानवत नाही. म्हणून एका बाजूला मुरमाचा उंचवटा करून तिथे अंजन, सालई, धावडा, आणि खाली काळ्या मातीत कडुनिंब, करंज, हिवर. कुंपणाला तरवड, निरगुडी, करवंद. लॉनच्या जागी मारवेल गवत, ते उन्हाळ्यात वाळतं पण मुळं जिवंत राहतात, पाऊस पडला की परत हिरवं. रुई उपटू नका, तिच्यावर केशरी फुलपाखरं अंडी घालतात. बेल लावला तर लिंबूच्या झाडावरची फुलपाखरं त्याच्यावरही येतात.

आणि बोर हवीच! आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या बोरांचं नाव सगळीकडे आहे आणि आपल्या पोरांना ती चवच माहीत नाही, तिथेच आता बोरी शोधत फिरावं लागतं याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

पाणी पहिले दोन उन्हाळे द्यावंच लागेल, देशी झाड म्हणजे लावलं आणि सोडून दिलं असं नसतं. त्याला कोणाच्या शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या चालतील. आपल्याकडे पाऊस साधारण 700 मिलिमीटर आणि तोही चार महिन्यांतच येतो, म्हणून गच्चीचं पाणी चर खणून बागेत सोडावं. पालापाचोळा जाळू नये, झाडाच्या बुडाशी पसरावा, ओल टिकते. प्रत्येक झाडाला पाटी हवी, मराठी आणि अहिराणी नाव, फुलं कधी येतात, पाणी किती लागलं ते लिहिलेलं. आणि शक्य झालं तर कोपऱ्यात छोटी रोपवाटिका, म्हणजे बघायला आलेला माणूस रोप घेऊनच घरी जाईल.

बहाव्याच्या शेंगा मी गोळा करून ठेवल्यात. बी टणक असतं, तसंच पेरलं तर उगवायला फार वेळ लावतं, पॉलिश पेपरवर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवायचं. कॉलनीतली पाच-सहा पोरं रोज संध्याकाळी माझ्यासोबत पिशव्या भरायला येतात. रोपं पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तयार होतील, आम्हाला जागा तेवढी ठरवून द्या.

आपला नियमित वाचक,
जळगाव