किलोच्या पडतळीवर ऑर्डर ठरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्र्यांना (ओतकामाच्या कारखान्यांना) काम कमी असलेल्या महिन्यांत एक चौकशी येते. माल एकदाच हवा असतो, नग बरेच असतात आणि भाव नेहमीपेक्षा किलोमागे पंधरा-वीस रुपये कमी असतो. एक मालक गेल्या वर्षीच्या एकूण खर्चाला विकलेल्या किलोंनी भागतो, पडतळ भावापेक्षा जास्त निघते, आणि तो 'परवडत नाही' म्हणून कळवतो. दुसरा 'धातू आणि वीज सुटली की झालं' म्हणत तीच ऑर्डर उचलतो. पहिला हातचा पैसा घालवतो आणि दुसरा पुष्कळदा खिशातला. या विषयावर थोडे सविस्तर लिहितो आहे, कारण या भागातल्या शेकडो लहान कारखान्यांचे वर्ष अशा चार-दोन निर्णयांवर बरे किंवा वाईट जाते.

मुळात लहान कारखान्याकडे दुसरा आकडाच नसतो. २०१४ च्या कॉस्ट रेकॉर्ड (खर्चाच्या नोंदी ठेवण्याच्या) नियमांतून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सूट आहे. कागदपत्रांचा बोजा वाचला हे चांगलेच, पण त्यामुळे खर्चाचा हिशेब वर्षातून एकदा, आयकराच्या कामापुरता होतो. त्या ताळेबंदातून निघालेली किलोची पडतळ गेल्या वर्षीच्या टनेजवर बेतलेली असते. टनेज घटले की ती वाढते, आणि जास्त कामाची खरी गरज असते नेमक्या त्याच वेळी ती मालकाला काम नाकारायला लावते.

एक काल्पनिक, पण इथल्या व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. फाउंड्रीची क्षमता ओव्हरटाइम धरून महिन्याला ३०० टन चांगल्या कास्टिंगची (ओतीव मालाची) आणि सध्याचे काम २२० टनांचे. एफजी २६० ग्रेडच्या ओतीव लोखंडाचा नेहमीचा भाव किलोला ११२ रुपये. खर्च असा: धातू ५२, वीज ९, सँड-कोअर-लायनिंग (साच्याची वाळू, नगातल्या पोकळीसाठीचे गाभे, भट्टीचे अस्तर) ९, फेटलिंगची (कास्टिंग साफ करण्याची) किलोवरची मजुरी ६, शॉटब्लास्ट आणि प्रायमर २, म्हणजे ७८ रुपये. वाहतूक आणि कमिशन ४. पगार, प्लॉट, घसारा, हप्ते, ऑफिस मिळून महिन्याला ५२ लाख ८० हजार, म्हणजे २२० टनांवर किलोला २४. पूर्ण पडतळ झाली १०६. आता ६० टन काउंटरवेटची (तोल साधायच्या वजनांची) ऑर्डर आली, भाव ९५ रुपये, माल गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीने नेणार. पडतळीच्या हिशेबाने किलोला ११ रुपये, म्हणजे ६ लाख ६० हजारांचा तोटा.

इथे एकच विचारायचे असते: ही ऑर्डर घेतल्यामुळे कोणता खर्च वाढेल, जो न घेतल्यास होणार नाही? फोरमनचा पगार, एमआयडीसीचे भाडेपट्ट्याचे पैसे, बँकेचा हप्ता ऑर्डर आली तरी आहेत, न आली तरी आहेत. घसारा तर आधीच खर्चून झालेल्या पैशाची वाटणी. ते २४ रुपये या कागदावरून काढायचे. वाहतूक-कमिशनचे ४ या मालाला लागतच नाहीत, तेही काढायचे. उरतात ७८, आणि ९५ वजा ७८ म्हणजे किलोला १७. साठ टनांवर १० लाख २० हजार.

दुसऱ्या प्रकारचा मालक इथेच थांबतो, आणि खरे नुकसान इथूनच सुरू होते. पॅटर्न आणि मॅचप्लेट (साचा पाडायचे नमुने) १ लाख ८० हजार, ऑर्डर संपली की त्या निरुपयोगी, म्हणून सगळा खर्च याच मालावर. जादा तपासणी ६० हजार. चालू पाळ्यांमध्ये ४० टन बसतात, उरलेल्या २० टनांना ओव्हरटाइम, आणि त्याला कायद्याने दुप्पट दर: १ लाख ४० हजार. नव्या पॅटर्नवर पहिल्या लॉटचे गेटिंग (साच्यात धातू जायच्या वाटा) बसेपर्यंत रिजेक्शन नेहमीच्या ५ ऐवजी ८ टक्के धरा. जादा ३ टक्के म्हणजे १,८०० किलो. तो माल परत भट्टीत जातो म्हणून 'काही गेलं नाही' असे समजतात, पण त्यावरची वीज, सँड, फेटलिंग आणि मेल्टिंग लॉस (वितळताना होणारी घट) मिळून किलोला २६ रुपये गेलेले असतात: ४६,८००. नव्वद दिवसांच्या उधारीवर ११ टक्क्यांनी व्याज, ७८ रुपयांप्रमाणे साठ टनांच्या ४६ लाख ८० हजारांवर, १,२८,७००. एकूण ५,५५,५००. शेवटी हातात उरतात ४,६४,५०० रुपये. कागदावर साडेसहा लाखांचा तोटा दाखवणाऱ्या ऑर्डरीत साडेचार लाखांहून जास्त शिल्लक होती. याच हिशेबातून कमीत कमी भावही निघतो: किलोला ८७ रुपये २६ पैसे. घासाघीस करायला बसताना हा आकडा खिशात असावा.

७८ रुपयांतले काही आकडे खात्यांमधून सरळ उचलता येत नाहीत. इंडक्शन फर्नेसला टनभर धातू वितळायला साधारण ६०० युनिट लागतात असे धरले, तरी रनर-रायजर (साच्याच्या वाटांत राहणारा धातू) वजा जाता यील्ड, म्हणजे हाती येणारा विकाऊ माल, ६५ टक्के असेल तर विकाऊ टनाला ९२० च्या वर युनिट पडतात. वीजबिलाला टनेजने भागून आलेला दरही चालत नाही, कारण त्यात डिमांड चार्ज (वीजमागणीवरचा आकार) मिसळलेला असतो. फक्त युनिटचा आकार धरावा. मात्र या ऑर्डरसाठी दोन्ही भट्ट्या एकाच वेळी चालवून मागणी करारापेक्षा वर गेली, तर जादा केव्हीएवर (मागणीच्या एककावर) दंडाचा दर लागतो, आणि तो खर्च याच ऑर्डरचा. लायनिंगचे उलटे आहे. ते दुरुस्ती खात्यात पडते म्हणून स्थिर समजले जाते, पण रॅमिंग मास (अस्तराचा माल) हीट्सच्या, म्हणजे धातू वितळवण्याच्या फेऱ्यांच्या, संख्येने झिजतो. जादा हीट्स घेतल्या की लायनिंग तेवढे आधी बदलावे लागते.

धातूचा भाव आजचा धरावा. यार्डात पडलेले पिग आयर्न तीन महिन्यांपूर्वी स्वस्तात घेतले असेल, तरी वापरल्यावर ते आजच्या भावानेच भरून काढायचे आहे. अपवाद अशा स्क्रॅपचा, जो तुमच्या नेहमीच्या ग्रेडमध्ये चालत नाही आणि या मालात चालेल. त्याची किंमत खरेदीची नव्हे, भंगारवाला आज देईल तेवढीच. जीएसटी खर्चात धरायचा नाही, पण गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी तो भरावा लागतो, म्हणून कॅश क्रेडिटची (बँकेतून उचलायच्या खेळत्या भांडवलाची) मर्यादा तपासून घ्यावी.

आता समजा तेच गिऱ्हाईक ६० ऐवजी १०० टन मागते आहे. मोकळी जागा ८० टनांचीच, म्हणजे नेहमीचा २० टन माल मागे ठेवावा लागेल. त्या मालावर किलोला ११२ वजा ८२ (७८ अधिक वाहतूक-कमिशनचे ४), म्हणजे ३० रुपये उरतात. गेले ६ लाख. वरच्या ४० टनांनी आणले ६ लाख ८० हजार, आणि त्यातून जादा रिजेक्शन व व्याजाचे १ लाख १७ हजार वजा केले की ओव्हरटाइम मोजायच्या आधीच बेरीज उणे होते. नेहमीचे गिऱ्हाईक दुखावले ते वेगळेच. म्हणून साठ टनांना होकार आणि शंभरला नकार, हे एकाच कारखान्याचे, एकाच भावाचे बरोबर उत्तर असू शकते.

क्षमता टनांत मोजणेही धोक्याचे आहे. भट्टी मोकळी आणि कोअर शॉप तुडुंब, ही अवस्था सर्रास दिसते. जिथे काम अडते त्या यंत्राच्या तासाला किती रुपये उरतात ते पाहावे. कोअर नसलेले काउंटरवेट किलोला १७ रुपयेच देत असेल, पण कोअर शूटरचा (गाभे बनवणाऱ्या यंत्राचा) एक मिनिटही खात नाही. कोअरचा गुंतागुंतीचा नग २५ रुपये देऊनही नेहमीचे काम अडवून बसू शकतो.

हे सगळे गणित एकदाच्या ऑर्डरीचे आहे, आणि इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तीच 'खास' ऑर्डर चौथ्या महिन्यातही चालू असेल तर ती खास राहिली नाही. तिनेही पगाराचा, भट्टीच्या कॉइलचा, पुढच्या यंत्राचा वाटा उचललाच पाहिजे. नाहीतर ५२ लाख ८० हजार सगळे जुन्या गिऱ्हाइकांच्या माथी येतात. वाहन उद्योगातले खरेदी विभाग खर्चाचा तपशील मागून घेतात आणि कुठे कमी भावात माल गेला हे त्यांना कळते. आजचा ९५ रुपये पुढच्या वाटाघाटीत सुरुवातीचा भाव होतो. वसाहतीतल्या प्रत्येकाने मोकळी भट्टी भरायला असाच भाव लावला, तर काही महिन्यांत सगळ्यांचाच नेहमीचा भाव खाली येतो आणि मग घसारा कुणाचाच निघत नाही. म्हणून कमी भाव द्यायचा तर वेगळ्या मालाला, वेगळ्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला.

गोशिमा, स्मॅक आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटनांना विनंती आहे की सभासदांसाठी या हिशेबाचा एका पानाचा मराठी नमुना करावा आणि तो भरायला सुपरवायझरांनाही शिकवावे, कारण रिजेक्शन आणि ओव्हरटाइमचा खरा आकडा त्यांच्याकडेच असतो. कोटेशनवर चार गोष्टी लेखी असाव्यात: एकूण टनेज आणि मुदत, हा भाव पुढच्या ऑर्डरला लागू नाही, पॅटर्नचे पैसे आगाऊ, आणि २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे कमाल ४५ दिवसांत पैसे. वरच्या उदाहरणात उधारी नव्वदवरून पंचेचाळीस दिवसांवर आली, तर एवढ्यानेच ६४ हजार रुपये वाचतात.

आपला,
एक कॉस्ट अकाउंटंट, कोल्हापूर