कॅमेऱ्याला टोपडं

सांगली, रविवार दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मधेच "बाबा, एक मिनिट" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहितो.

परवा मंडईत मेथीची जुडी बघत होतो. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "नातीचं जावळ काय दाट आहे हो! कधी काढणार?" मी त्यांना ओळखत नाही. घरी येऊन चौकशी केली. पाळण्यावरच्या कॅमेऱ्याची लिंक तू घरच्या ग्रुपवर टाकलीस, ती सुमनमावशीने कौतुकाने भिशीच्या ग्रुपवर पुढे पाठवली. ज्याच्या हाती लिंक, त्याला पाळणा दिसतो.

रागावलेलो नाही. रागवायला तोंडच नाही, कारण हाच उद्योग मी तुझ्या बाबतीत करून बसलोय.

2000 च्या जानेवारीत आपण न्यू जर्सीत, एडिसनला होतो. तू दीड वर्षाची. आजीने तुला पाहिलंच नव्हतं. मी एक गोल, डोळ्यासारखा वेबकॅम आणला, टीव्हीवर ठेवला आणि मिनिटाला एक फोटो माझ्या वेबपेजवर चढेल असं जमवलं. शनिवारी संध्याकाळी सातला काका आजीला सायबर कॅफेत न्यायचा. आपल्याकडे सकाळचे साडेआठ. चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. आधी भिंत, मग घड्याळ, मग आईचे केस, आणि सगळ्यात शेवटी तू. पुष्कळदा तू येईपर्यंत लाइन तुटायची. आजी पडद्याला बोट लावायची आणि कॅफेतला पोरगा ओरडायचा. गंमत म्हणजे नेट त्याच टेलिफोनच्या तारेवरून, त्यामुळे कॅमेरा चालू असताना फोन एंगेज. नात दिसतेय, पण तिच्याशी बोलता येत नाही!

तेव्हा या खुळाची हवाच होती. केंब्रिजच्या संगणक विभागातल्या लोकांनी 1991 मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, रिकाम्या भांड्यासाठी हेलपाटा नको म्हणून. 1993 पासून ते भांडं जगाला दिसू लागलं. 1996 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजात शिकणाऱ्या जेनिफर रिंगलीने तर स्वतःच्या खोलीतच कॅमेरा लावला. ऑफिसात आम्ही तिला नावं ठेवायचो आणि पाहायचोही. पण ती जाणती होती. लावला तिने, आणि 2003 च्या अखेरीस बंद केला तोही तिनेच.

माझ्या पानाला पासवर्ड नव्हता. पत्ता कुणाला कळणार, असं वाटलं. मार्चमध्ये एक ईमेल आली. अगदी सभ्य. 'दोन दिवस मुलीच्या अंगात तोच लाल स्वेटर आहे आणि ती सोफ्यावरच झोपून असते. ताप उतरला का?' खाली नाव नाही. तुला खरंच ताप होता. तुझ्या आईने पत्र वाचलं, काही बोलली नाही. उठून तुझं टोपडं आणलं आणि कॅमेऱ्याला घातलं. रात्री मी तार काढली. हे तुला आजवर सांगितलं नाही, लाज वाटायची म्हणून.

आणखी एक खुपतं. प्रत्येक नवा फोटो जुन्यावर त्याच नावाने बसायचा, त्यामुळे त्या दिवसांचा एकही आपल्याकडे उरला नाही. त्या माणसाकडे असतील कदाचित.

तू म्हणशील, आता कायदे आहेत. आहेत ना. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण माणसाने घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागूच होत नाही. आणि इथे संमती देणारी तूच, लिंक टाकणारीही तूच. पाळण्यातली काय बोलणार?

तुझी अडचण कळते. दोघं बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये, घरी बाळ आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी. तुम्हा दोघांपुरता कॅमेरा राहू दे. त्याचा पासवर्ड मात्र बदल, खोक्यावर छापलेला ठेवू नकोस. ग्रुपवरची लिंक आजच बंद कर. आम्हाला संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल कर, आजीला घेऊन बसतो. अजूनही ती पडद्याला बोट लावते, फोन कट होतो, तेवढं चालवून घे. सुमनमावशीशी मी बोलेन. तू बोललीस तर रुसेल.

आणि तुझ्या त्या मावशींना विचारलंस का गं कधी? आज सकाळी मी शेवटचं एकदा लिंक उघडून पाहिली. बाळ झोपलं होतं. त्या बाई पाळण्याजवळ खाली बसून डबा खात होत्या, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

आळिवाचे लाडू बुधवारच्या गाडीने पाठवतोय.

तुझा,
बाबा