होम थिएटरच्या खोलीतील सदोष ध्वनिरचनेबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : होम थिएटरच्या ‘साउंडप्रूफिंग व अकूस्टिक ट्रीटमेंट’च्या कामातील त्रुटी विनामूल्य दूर करून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने माझ्या पुण्यातील सदनिकेत केलेल्या होम थिएटरच्या कामाबाबत ही लेखी तक्रार करत आहे. दरपत्रकात उपकरणांची आणि ‘साउंडप्रूफिंग व अकूस्टिक ट्रीटमेंट’ची (आवाज बाहेर जाऊ न देणे व खोलीच्या आतला आवाज सुधारणे यांची) रक्कम वेगवेगळी दाखवलेली होती व दोन्ही रकमा मी पूर्ण भरल्या आहेत. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. ते ज्या खोलीत बसवले, त्या खोलीचा विचारच झालेला नाही, एवढे मात्र मला स्पष्टपणे नमूद करावे लागत आहे.

खोली 14 फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस आहे. अशा खोलीत लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचे पहिले अनुनाद (खोलीच्या मापामुळे आपोआप घुमणारे सूर) 40 ते 42 हर्ट्झच्या दरम्यान एकत्र येतात, ही बाब मोजमाप घेतानाच आपल्या अभियंत्याच्या लक्षात यायला हवी होती. प्रत्यक्षात आराखड्यात सोफा मागच्या भिंतीला टेकवला गेला, जिथे या अनुनादाचा दाब सर्वाधिक असतो, आणि सबवूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यात ठेवला गेला, जिथून तो सर्वांत जोमाने चेतवला जातो. त्यामुळे ढोलाचा एक ठोका वाजून गेला तरी घुमत राहतो आणि त्यामागचा संवाद त्यात बुडून जातो.

यावर उपाय म्हणून भिंतभर एक इंच जाडीचा फोम चिकटवण्यात आला आहे. 40 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. तिला एक इंच फोमचा काडीइतकाही अडथळा होत नाही. फोम शोषतो तो वरच्या पट्टीतला आवाज, म्हणजे नेमका तोच भाग, ज्यामुळे ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखे उच्चार स्वच्छ ऐकू येतात. भरीस भर म्हणून मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आत सरकवून ठेवला असल्याने त्याचा रोख प्रेक्षकाच्या गुडघ्यांकडे आहे.

साउंडप्रूफिंगबाबत तर बोलायलाच नको. आवाज बाहेर जाऊ न देण्यासाठी भिंतीला वजन लागते, फटी बंद कराव्या लागतात आणि आतले अस्तर मूळ बांधकामापासून शक्य तेवढे अलग ठेवावे लागते. फोम यांपैकी काहीच करत नाही. खोलीचे जुने पोकळ दार तसेच ठेवले आहे आणि त्याच्या खालच्या फटीतून घडी केलेले वर्तमानपत्र सहज आत सरकते. आवाज कमी करण्यासाठी खालच्या मजल्यावरून निरोप येणे आता नेहमीचे झाले आहे. शिवाय जिप्समच्या फॉल्स सीलिंगमधील एका दिव्याची कडी खालच्या सुरांवर खणखणते आणि बोट टेकवले की थांबते, हे मी आपल्या तंत्रज्ञाला प्रत्यक्ष दाखवले आहे.

त्या तंत्रज्ञाने सोफ्याच्या पाठीवर मायक्रोफोन ठेवून ॲम्प्लिफायरची स्वयंचलित जुळणी केली आणि काम पूर्ण झाल्याचे सांगितले. अशी जुळणी एखादा वाढलेला सूर खाली आणू शकते, परंतु खोलीतील घुमणे किंवा काही सूर ऐकूच न येणाऱ्या जागा ती नाहीशा करू शकत नाही. त्यानंतर ग्राहक सेवेकडून मला ‘कानांना सवय होईल’ असे उत्तर मिळाले आणि सोबत अधिक मोठ्या सबवूफरचे दरपत्रकही आले. या दुसऱ्या गोष्टीचे मला अधिक नवल वाटले.

माझी मागणी अशी आहे की, प्रथम खोलीचे रीतसर ध्वनिमापन करून त्याचा लेखी अहवाल मला द्यावा. त्याआधारे सोफा भिंतीपासून साडेचार ते पाच फूट पुढे घेऊन सबवूफर व मधल्या स्पीकरची जागा बदलावी, अनावश्यक फोम काढून पहिल्या परावर्तनाच्या ठिकाणी (जिथे स्पीकरचा आवाज भिंतीवर आदळून प्रथम प्रेक्षकाकडे येतो तिथे) किमान चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) पॅनेल व कोपऱ्यांत त्याहून जाड बास ट्रॅप (खालचे सूर शोषणारे पॅनेल) बसवावेत, तसेच भरीव दार, त्याच्या चारही कडांना रबरी सील आणि सीलिंगची दुरुस्ती ही कामे विनामूल्य करून द्यावीत. हे शक्य नसल्यास ‘साउंडप्रूफिंग व अकूस्टिक ट्रीटमेंट’पोटी घेतलेली संपूर्ण रक्कम परत करावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. दरपत्रक, पावत्या आणि खोलीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)