गवंडीमामा, तुम्ही आमच्या मनातली मातीची भीती काढलीत

आदरणीय गवंडीमामांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मामा म्हणतो. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही केलंत ते आमच्या एका घरापुरतं नाही. नातीकडून हे वाचून घ्या.

आमच्या किल्लारीच्या पट्ट्यात मातीच्या घराचा विषय काढणंसुद्धा किती अवघड आहे, हे लांबच्या माणसाला कळायचं नाही. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. माळवदं, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेली सपाट छतं, बसली आणि दगडमातीखाली हजारो माणसं गेली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. आमची आई त्यानंतर माळवदाखाली कधी निजली नाही. मे महिन्यात भट्टीसारखी तापणारी पत्र्याची खोली तिने इतकी वर्षं सोसली, कारण पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो, एवढंच तिला ठाऊक होतं.

तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. जुन्या वाड्याची जी भिंत अर्धवट उभी होती, तिच्यापाशी तिला नेलंत आणि भिंतीचं पोट दाखवलंत. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसता चिखल आणि बारीक दगड. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. "अक्का, माती कुणाला मारीत नसते. भिंतीला जोड नव्हता, अन् डोक्यावर ओझं लई झालं होतं," एवढंच म्हणालात. गळती थांबावी म्हणून माळवदावर पांढऱ्या मातीचे नवे थर चढत गेले, त्यातून ते ओझं पिढ्यानपिढ्या वाढत गेलं होतं. भूकंपानंतरच्या तांत्रिक अहवालांतही हीच कारणं आहेत. पण आईला पटलं ते तुम्ही त्या फटीत बोट घालून दाखवल्यावर.

मग नव्या घरासाठी माती तपासायची बरणी. काचेच्या बरणीत आमच्या रानातली माती घेतलीत, पाणी ओतलंत, खळाखळा हलवलीत आणि खिडकीत ठेवून दिलीत. दुसऱ्या दिवशी खाली वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर स्पष्ट दिसले. काळी माती तुम्ही पहिल्याच दिवशी बाजूला सारलीत, कारण ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. मुरमाड माती चाळून, थोडं सिमेंट मिसळून, हाताच्या यंत्रात दाबून ब्लॉक पाडले. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही. सावलीत रचून पाणी मारायचं, बस्स. वाड्याचे जुने दगड जोत्याला लागले आणि या खेपेला जागोजाग आरपार दगड घालून. जोत्याला, लिंटेलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, आणि छताखाली सळईचा सलग पट्टा, चारही कोपऱ्यांत उभी सळई. यातलं काहीही वाचवू द्यायला तुम्ही तयार नव्हतात. पैसे कमी पडायला लागले तेव्हा फरशी थांबवायला लावलीत, पट्टा नाही.

छताचं काम तर गाव बघायला आलं होतं. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतं भर म्हणून असतं. म्हणून सळयांच्या चौकटीत जुनी कौलं बसवून तेवढं काँक्रीट वाचवलंत. कौलांतल्या हवेमुळे ऊन आत उतरत नाही, आणि डोक्यावरचं वजनही घटतं. आई आता त्याच छताखाली, आतल्या खोलीत झोपते. मामा, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

सोलारचंही असंच. एक जण एसी गृहीत धरून 5 किलोवॅटचा हिशेब देऊन गेला होता. "आधी घर थंड कर, मग किलोवॅट ठरव," असं तुम्ही म्हणालात. पश्चिमेला मोठी खिडकी ठेवू दिली नाहीत, दक्षिणेला ओसरी पुढे काढलीत, आणि पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तर टोकाला नेलीत म्हणून पॅनेलवर तिची सावली पडत नाही. आज पंखे, दिवे, फ्रिज, मिक्सर सगळं 2 किलोवॅटमध्ये भागतं. चांगलं ऊन असलं की दिवसाला आठेक युनिट होतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 60,000 रुपये अनुदान आलं. वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: लाईट गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेलं, सोलारही बंद पडतं, भरदुपारीसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. तेव्हा रात्रीपुरती छोटी बॅटरी वेगळी ठेवा, आम्हीही ठेवली आहे.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या दोघा पोरांनी आता वस्तीवर एक घर धरलंय. तिथली माती जरा जास्तच चिकट निघाली. बरणीत अर्ध्याच्या वर चिकणमाती दिसतेय, आणि वाळू किती घालावी यावर दोघांचं एकमत होईना. यंत्र आमच्याच ओसरीत आहे. पोळा झाला की एकदा येऊन जा. स्टँडवर घ्यायला मी येतो, आणि आईने सांगितलंय की मुक्कामानेच यायचं.

आपला,
औसा तालुका, जि. लातूर