डुक्कर मारायचं तर सरकारने मारावं

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

दसरा आठवड्यावर आला आहे. आमच्या दक्षिण कोकणात हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिवळं पडायला लागलंय, उशिराचं गरवं अजून दुधावर आहे. डुकरांना हे दिवस आपल्यापेक्षा बरे कळतात. परवा रात्री कळप आमच्या खालच्या मळ्यात उतरला. सकाळी गेलो तर भाताचे तीन कुणगे, म्हणजे खाचरं, आडवे, बांधाची मेर दोन ठिकाणी फुटलेली. दुधातल्या लोंब्या चघळून त्यांनी चोथा जागीच थुंकला होता, हिरवट पांढरे गोळे, अजून ओले. आईने त्यातला एक उचलून हातावर घेतला, बघितला आणि काही न बोलता मेरेवर ठेवून दिला.

हे पत्र नुकसानभरपाईसाठी नाही. तेवढं आधीच सांगून टाकतो. आमच्या सातबारावर सतरा नावं आहेत. त्यातले चौघे वारले, नऊ जण मुंबईत, एक बडोद्याला. उरलेल्या तिघांतला एक मी, एक आई, आणि तिसऱ्याशी हद्दीच्या दगडी गडग्यावरून बोलणं बंद आहे. तीन कुणग्यांसाठी सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करायला निघालो तर भरपाईपेक्षा एसटीचं भाडं जास्त होईल. तर ते राहू द्या.

मला लिहायचंय ते मारण्याबद्दल.

रानडुकराला ‘उपद्रवी’ जाहीर करा, ही मागणी आता प्रत्येक ग्रामसभेत होते. आमच्याही झाली, आणि हात वर करणाऱ्यांत मी होतो. तो हात मी आज खाली घेतोय. डुकरांची दया आली म्हणून नव्हे. ज्याच्या तीन कुणग्यांचा चोथा झालाय त्याला दया जरा उशिराच येते. पण ‘उपद्रवी’ या शब्दाने काय होतं ते मी नीट वाचलं, आणि त्यात माझ्यासारख्याच्या हिताचं फारसं काही सापडलं नाही.

तुम्हाला कायदा शिकवणं बरं दिसणार नाही, पण हे पत्र गावातलेही वाचतील म्हणून लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका असलेल्या जनावराला मारायची परवानगी द्यायची सोय आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत आलं, तरी ती सोय गेलेली नाही. म्हणजे डुक्कर मारताच येत नाही हे खरं नाही. ‘उपद्रवी’ हे वेगळं प्रकरण, बासष्टाव्या कलमातलं, आणि तो अधिकार दिल्लीचा. तसं जाहीर झालं की त्या भागात, त्या मुदतीत, जनावराला कायद्याचं संरक्षण उरत नाही. मग परवानगी नको, नोंद नको, किती मेली, कशी मेली, कुणी विचारायचं नाही. सरकार त्यातून मोकळं होतं आणि मारायचं काम उरतं ते आमच्या अंगावर.

२०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर असं जाहीर केलं होतं. जून २०१६ मध्ये बिहारातल्या मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, आणि त्यावरून मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री उघड भांडले. टीव्हीवर दोन्ही बाजू ऐकताना मला एकच वाटत होतं, की यातल्या कुणीही डुकरं हाकलायला रात्री माळ्यावर बसून डबा वाजवलेला नाही. केरळने जरा वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये तिथे गावच्या अध्यक्षाला डुक्कर मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला, आणि काम परवानाधारक बंदूकवाल्यांवर सोपवलं. मेलेलं डुक्कर पुरायचं, खायचं नाही. ती व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण निदान ‘हे कुणी केलं’ या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

आमच्याकडे ते उत्तर नाही. का, ते सांगतो.

दोन वर्षांमागची गोष्ट, भाद्रपदातली. पहाटे कुत्री काजूच्या बागेमागे भुंकायला लागली. बॅटरी घेऊन गेलो तर ऐनाच्या झाडाला डुकरीण अडकलेली. फासकी होती, मोटरसायकलच्या क्लचच्या तारेची. मानेत बसायची ती कमरेत बसली होती. रात्रभर ओढून ओढून तिने झाडाभोवतीची जमीन अशी उकरली होती, की बैल फिरवलेलं खळंच वाटावं. तार कातडीच्या आत गेलेली दिसत नव्हती, फक्त तिथून खाली सगळं ओलं होतं. मी जवळ गेलो तशी ती उठायला बघायची आणि मागचे पाय येत नसत. रानमोडीच्या झुडपांत पाच पिल्लं होती, अंगावर खारीसारखे पट्टे असलेली. जरा शांतता झाली की ती बाहेर यायची, आणि मग डुकरीण कुशीवर पडायची त्यांना पाजायला. हे मी तीनदा पाहिलं.

वनखात्याला फोन केला. समोरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, निघतो म्हणाला. गाडी एक, हद्द मोठी, माणसं तिघं. ती पोचली तेव्हा एक वाजून गेला होता, आणि डुकरीण अकराच्या सुमारास संपली होती. पिल्लांतली दोन कुत्र्यांनी नेली, बाकीची रानात गेली, ती जगली नसणार. पंचनामा झाला. फासकी अज्ञात इसमाने लावली, असं त्यात आहे. पंच म्हणून खाली सही माझी आहे. ती कुणी लावली होती हे मी इथे लिहिणार नाही. वाडीत सगळ्यांना माहीत आहे, आणि मला सगळ्यांत जास्त.

साहेब, ‘उपद्रवी’ म्हटल्यावर जे होणार ते हेच, फक्त पंचनाम्याशिवाय. आमच्यापैकी फार थोड्यांकडे बंदूक आहे. आमच्या वाडीत एक आहे, ठासणीची, शेतीसंरक्षक परवान्याची, आणि मालक सत्तरीचे. निवडणुका लागल्या की ती चौकीत जमा. २०१९ ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं, २०२४ ला २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आमचं भात मळ्यात आणि बंदूक चौकीत. एरवीसुद्धा धुक्यात, बॅटरीच्या उजेडात, चढावर पळणाऱ्या कळपावर सत्तरीतला माणूस बार टाकणार, तो बसला तर कुठे बसणार? जखमी डुक्कर रानमोडीत घुसतं. ते कुठे मेलं हे तीन दिवसांनी वास सांगतो.

म्हणून तार. म्हणून कणकेच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब, जो डुकरापेक्षा आधी कुणाच्या तरी म्हशीला किंवा कुत्र्याला सापडतो. मे २०२० मध्ये पालक्काडची गाभण हत्तीण स्फोटाने जबडा फुटून नदीत उभ्या उभ्या मेली, तेव्हा सगळा देश हळहळला. तो बारही डुकरांसाठीच ठेवलेला होता, असं तपासात पुढे आलं. विदर्भात कुंपणात वीज सोडतात, त्यात वाघ मरतात आणि कधी कधी शेतकरी स्वतः. आमच्या फासकीत डुकराच्या जागी बिबट्या सापडतो. मग गाड्या येतात, डॉक्टर येतो, बेशुद्ध करायची बंदूक येते, फोटो येतात. त्याच तारेत डुकरीण असली की बातमी नाही.

हे सगळं बघून वाटतं, बाकीचं जग काय करतं बघावं. अमेरिकेतलं डुक्कर खरंच बाहेरचं. १५३९ मध्ये दे सोतो नावाच्या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात डुकरं उतरवली, पुढे पाळीव सुटली, शिकारीसाठी आणलेली रानडुकरं त्यांत मिसळली. आज ती साठ लाखांच्या वर आहेत, निदान पस्तीस राज्यांत. टेक्सासने २०११ मध्ये पैसे भरून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा दिली, २०१७ मध्ये तर गरम हवेच्या फुग्यातूनही. (फुग्यातून! आमच्या सत्तरीच्या मालकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.) आणि डुकरं काही संपली नाहीत. उलट मिसूरीने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनीवर डुकरांच्या शिकारीला बंदीच घातली. कारण ऐकण्यासारखं आहे. शिकारी कळपातली दोनचार मारतो, बाकीची उधळून चार गावांत जातात आणि सापळ्यांचं काम बिघडतं. शिवाय शिकारीची मौज टिकावी म्हणून लोक स्वतःच नव्या रानांत डुकरं नेऊन सोडत होते. ज्याला मारण्यात मौज वाटते त्याला ते संपायला नको असतं, एवढंच ते प्रकरण आहे. तिथले लोक आता मोठा सापळा लावून, खाणं टाकून, आठवडा आठवडा थांबून अख्खा कळप एकदम आत घेतात आणि मग मारतात. कंटाळवाणं काम आहे. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

आपलं डुक्कर मात्र बाहेरचं नाही. ते इथलंच, आपल्या आधीपासूनचं. बिबट्याचं खाणं आहे. डुकरं गेली तर तो अंगणातल्या कुत्र्यावर आणि गोठ्यातल्या वासरावर येणार. म्हणून डुकरांचा नायनाट ही भाषा मला मान्य नाही. त्यांची संख्या कमी करणं मान्य आहे. परकं कोण असेल तर ती रानमोडी. माझ्या चुलत्यांचे सात कुणगे वीस वर्षं पडीक आहेत, तिथे पुरुषभर उंच रानमोडी माजली आहे, आणि दिवसा डुकरं तिच्यात झोपतात. मुंबईकरांनी जमिनी सोडल्या, रानमोडीने घेतल्या, डुकरांनी तिथे घर केलं. डुकरं वाढली यात डुकरांचा वाटा किती आणि आमचा किती, हा हिशोब मी ग्रामसभेत कधी मांडला नाही, कारण चुलत्यांची मुलं गणपतीला येतात आणि वर्गणी चांगली देतात.

कायद्यातली एक गंमतही सांगतो. २०२२ च्या दुरुस्तीत परक्या आक्रमक प्रजातींची व्याख्या आली, पण ‘परकी’ म्हणजे भारताबाहेरची. अंदमानात इंग्रजांनी मुख्य भूमीवरून चितळ नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारं कुणी नाही, आणि ते जंगलाची रोपं वाढू देत नाहीत. तिथे ते परकेच. पण भारतातले म्हणून कायद्याने आपले, आणि संरक्षित. थोडक्यात, आपलं-परकं यावरून मारावं की नाही हे ठरत नाही. काय बिघडतंय, कुणामुळे, आणि मारून ते सुधारणार आहे का, हे बघावं लागतं.

आजोबांच्या वेळी हाका व्हायचा. रान उठवायचं, हाकारे ओरडत वर यायचे, वर बंदुका धरून बसलेले. मग वाटे पडायचे, देवाचा, बंदूकवाल्याचा, हाकाऱ्यांचा, ज्याच्या जमिनीत पडलं त्याचा. लहान पिल्लांची डुकरीण दिसली तर सोडायची, असं ते सांगायचे. ते पुण्यवान होते अशातला भाग नाही. त्यांना पुढच्या वर्षीही डुक्कर हवं होतं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ शिकार पुन्हा गावांच्या हाती द्यावी म्हणत असत, आणि त्यांचा अभ्यास माझ्या पिढ्यांच्या शेतीपेक्षा मोठा आहे. तरी आजची माझी वाडी मला माहीत आहे. हाक्याला लागणारी चाळीस माणसं आज चार वाड्या मिळून भरणार नाहीत, आणि मांस मिळणार म्हटलं की शनिवारी कुठून कुठून गाड्या येतील तेही दिसतं. म्हणून निदान सुरुवातीला तरी मांस जमिनीत पुरावं, असं माझं मत आहे. घरात ते कुणालाच पटत नाही. आईला तर मुळीच नाही. मारायचं आणि खायचं नाही, हे तिला पाप वाटतं.

तर मागणं असं. केंद्राकडे ‘उपद्रवी’चा प्रस्ताव पाठवू नका. परवानगीचा जो कायदा आहे तोच वापरा, पण परवानगी मिळाल्यावर बंदूक शेतकऱ्याच्या हातात ढकलू नका. तालुक्याला एक पथक द्या, पगारी, नेम शिकलेलं, चांगल्या बंदुकांचं, सोबत सापळे. जूनपासून मळणीपर्यंत ते फिरतं राहू दे, आणि निवडणूक आली म्हणून त्याच्या बंदुका जमा होता कामा नयेत. एकटं सापडलेलं सुळेवालं मोठं डुक्कर मारून फोटो नको. कळप घ्यायचा तर अख्खा घ्या, नाहीतर सोडून द्या. आईविना पिल्लं रानात ठेवू नका. किती मारली, कुठे, कितव्या गोळीत मेलं, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू दे. कितव्या गोळीत हा रकाना मला महत्त्वाचा वाटतो. आणि पडीक जमिनींतली रानमोडी काढायला रोजगार हमीतून माणसं द्या, मालक मुंबईत असला तरी. कुंपणाच्या तारेला हलका विजेचा झटका देणारं झटका मशीन एकेकट्याला देऊ नका, डुकरं शेजाऱ्याकडे जातात आणि मग गडग्यावरची भांडणं तारेवर येतात. अख्ख्या मळ्याला मिळून एक कुंपण द्या. जुन्या साड्या, सलूनमधले केस, फटाके हे सगळं आम्ही करून झालोय. केसांना डुकरं चार दिवस भितात.

याला पैसा लागेल हे मला कळतं. पण आत्ताही डुकरं मरतातच. फक्त ती तारेवर मरतात, आणि त्याचा खर्च कुठल्या खात्यात दिसत नाही.

शेवटचं एक. आमच्या पडवीत खुंटीला क्लचच्या तारेचं वेटोळं टांगलेलं आहे. परवा चोथा बघून आल्यावर मी ते काढलं, हातात धरलं आणि परत खुंटीला अडकवलं. अजून तिथेच आहे. ते न्यायला कुणाला पाठवणार असाल तर दिवसा पाठवा. रात्री मी मळ्यात असतो, डबा घेऊन.

आपला,
दक्षिण कोकणातला एक भातशेतकरी