परीक्षा संपली म्हणजे शाळा संपली असं नाही

मा. संपादक,
स.न.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की सुट्टी लागेपर्यंत जे आठवडे उरतात त्यांचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी उत्तर एकच, प्रोजेक्टर लावा पिक्चर दाखवा नाहीतर मैदानावर सोडा. मी गणित शिकवते, वर्गशिक्षिका आहे, आणि ह्या दिवसांत मुलं 'ऐकत नाहीत' 'लक्षच देत नाहीत' अशी स्टाफरूममधली तक्रार रोज कानावर येते म्हणून लिहितेय.

मुलं लक्ष देत नाहीत याचा दोष सगळा मुलांवर टाकू नका. वर्षभर आपणच सांगतो ना, हे परीक्षेला येणारे नीट लिहून घ्या, ते येणार नाही सोडून द्या. मग परीक्षा झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं तर ती आपलंच ऐकतायत! १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, तसं दिलंही, आणि नंतर मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले तर हीच मुलं बाकीच्यांपेक्षा खूप कमी वेळ चित्रं काढत बसली. मार्कांचंही बरंचसं असंच होतं असं मला वाटतं, मार्क काढून घेतले की खाली काही उरलेलं नसतं.

त्यामुळे या आठवड्यांत मुलांना काम द्यायचं तर ते कुणाच्या तरी उपयोगी पडणारं पाहिजे, नुसतं तपासून परत देण्यासाठी नको. मी वर्गाकडून पुढच्या बॅचसाठी वही लिहून घेते. गट पाडायचे, प्रत्येक गटाने एक धडा घ्यायचा आणि खालच्या वर्गातल्या मुलांना सांगायचं की यात अवघड काय आहे, चुका कुठे होतात, आपल्याला कसं समजलं. धडे मी ठरवून देत नाही पण 'काय पाहिजे ते करा' असंही म्हणत नाही, त्याने नुसता गोंधळ होतो. चार-पाच पर्याय फळ्यावर लिहायचे त्यातला निवडायचा, बास.

एक उदाहरण सांगते. अपूर्णांकाच्या गटात एक मुलगा होता, वर्षभरात हात वर केलेला मला आठवत नाही. त्याच्याकडे प्रश्न आला की ६ ला अर्ध्याने भागलं तर उत्तर ६ पेक्षा मोठं कसं येतं. त्याने सहा चौकोन काढले, प्रत्येकाच्या मधून एक रेघ मारली आणि खाली लिहिलं 'यात अर्धे किती आहेत ते मोजा, १२ आहेत. इथे सगळे ३ लिहितात.' मग चौकोन ठेवायचे का संख्यारेषा काढायची यावरून गटात एवढं भांडण झालं की तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी दोन्ही ठेवलं. मी त्या वहीवर लाल पेन चालवत नाही, गणित चुकलं असेल तर तोंडी विचारते 'हे खालच्या वर्गातल्या मुलाला पटेल का?' आणि मुलं स्वतःच खोडून परत लिहितात.

याचा अभ्यासालाही फायदा आहे. समजावून सांगायचं तर आधी आठवावं लागतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी एकच उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न बघता आठवून लिहिला, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. मोठी सुट्टी तोंडावर असताना याहून चांगली उजळणी कुठली? सुट्टीत मुलं किती विसरतात यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण १९९६ मधे कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा वाचनापेक्षा गणितात घसरण जास्त दिसली होती. आकडेमोड सुटली की हात बसायला वेळ लागतो हे कुठलाही गणिताचा शिक्षक सांगेल.

अगदी लहान वर्गांचं मात्र वेगळं आहे, तिथे वेळापत्रक मोडू नका एवढंच पुरे. रोजचा क्रम बिघडला की ती रडवेली होतात आणि मग आपण म्हणतो सुट्टीचे वेध लागले. आणि शाळा बदलून जाणारी मुलं असतात, ती या दिवसांत उगाच चिडतात भांडतात, त्यांना शिक्षा करण्याआधी पाच मिनिटं बाजूला घेऊन बोला.

आता शिक्षकांची बाजू. पेपर तपासायचे, निकालपत्रकं भरायची, हे सगळं याच आठवड्यांत आणि वर्गात शिकवतानाच करायचं असतं, मग पिक्चर लावला जातो यात नवल काय. मुख्याध्यापकांना विनंती आहे की या दिवसांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच करा. दोन वर्ग एकत्र बसवा, मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतील, एक शिक्षक वर्गावर आणि दुसरा निकालाच्या कामाला, पुढच्या तासाला अदलाबदल. पैसा लागत नाही, फक्त आधी ठरवावं लागतं.

आणि पालकांनो, 'आता शाळेत काय शिकवतायत, कशाला पाठवायचं' म्हणून मुलांना घरी ठेवू नका. हजेरी कमी झाली की गट मोडतात, गट मोडले की शिक्षकही सोडून देतात आणि मग तुम्ही म्हणता तसंच होतं. आमच्या वर्गाची वही शेवटच्या दिवशी खालच्या वर्गाला देतो, ती मुलं तिथेच उघडून बघतात आणि प्रश्न विचारतात. ज्याने ते पान लिहिलंय त्यानेच उत्तर द्यायचं असतं, तेव्हा गावाला जायचं तिकीट त्या दिवसानंतरचं काढा.

आपली,
एक गणित शिक्षिका